रोमन चांदीच्या नाण्यांवरील वेगळे चेहरे: कोणता घ्यावा, कोणता सोडावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. काही वर्षे पश्चिमी क्षत्रपांची चांदीची नाणी जमवल्यावर आपण रोमन चांदीकडे वळत आहात. एका परदेशी विक्रेत्याने आपल्याला मॅक्सिमिनस थ्रॅक्स या सम्राटाचा एक डिनारियस (रोमनांचे चांदीचे नाणे) ‘अत्यंत दुर्मिळ चेहरा’ म्हणून चालू भावाच्या दुपटीहून अधिक किमतीला देऊ केला आहे. या सम्राटाची ओळखच त्याची पुढे आलेली अवजड हनुवटी. या नाण्यावर मात्र ती दिसत नाही. तेव्हा हे नाणे घ्यावे का, आणि अशा वेगळ्या चेहऱ्यांचाच संग्रह करायचा झाला तर पारख कशाच्या आधारे करावी, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. आपण वर्णन केलेला चेहरा वेगळा आहे, अभ्यासण्याजोगाही आहे, पण दुर्मिळ नाही. चालू भावात मिळाला तर अवश्य घ्यावा, दुप्पट पैसे मोजू नयेत. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल. चेहरा वेगळा ‘दिसणे’ आणि तो वेगळा ‘असणे’ यांत अंतर आहे, आणि विक्रेते नेमके याच अंतरावर पैसे मिळवतात. माझी कसोटी एकच आहे: हा चेहरा असा का कोरला गेला, याचे कारण काळ, टांकसाळ किंवा राजकीय परिस्थिती यांच्या आधारे सांगता आले पाहिजे. कारण सांगता येत नसेल, तर बहुतेक वेळा तो कारागिराचा कमी वकुब, झिजलेला ठसा, प्राचीन नक्कल किंवा आधुनिक हातचलाखी यांपैकी काहीतरी निघतो.

मॅक्सिमिनसच्या बाबतीत हे कारण अगदी स्वच्छ सांगता येते. इ.स. २३५ मध्ये ऱ्हाइन नदीच्या आघाडीवर सैनिकांनी तेव्हाचा सम्राट सेव्हेरस अलेक्झांडर याला ठार केले आणि मॅक्सिमिनस या कसलेल्या लष्करी अधिकाऱ्याला सम्राट म्हणून घोषित केले. रोमच्या टांकसाळीला नव्या सम्राटाच्या नावाने तातडीने नाणी पाडणे भाग होते, कारण सैन्याचा पगार थांबवता येत नाही. पण ठसे कोरणाऱ्यांनी या माणसाला पाहिलेले नव्हते, आणि पुढे २३८ मध्ये अक्विलिया शहराच्या वेढ्यात स्वतःच्याच सैनिकांच्या हातून मारला जाईपर्यंत तो सम्राट म्हणून रोममध्ये एकदाही आला नाही. तेव्हा कारागिरांनी हाताला सवयीचे होते तेच केले. गोलसर डोके, बारीक रेघांनी दाखवलेले आखूड केस, जबड्यालगतची खुरटी दाढी आणि बेताची हनुवटी, म्हणजे जवळजवळ सेव्हेरस अलेक्झांडरचाच चेहरा, फक्त वयाने थोडा मोठा. पुढे सम्राटाची खरी प्रतिमा रोमला पोहोचली असावी. जर्मनीतील आपल्या लढायांची मोठी चित्रे काढून त्याने ती रोमच्या सिनेटगृहासमोर लावायला पाठवली, असे हिरोडियन हा त्या काळाचा इतिहासकार सांगतो. त्याच वाटेने चेहऱ्याचा नमुनाही आला असणे सहज शक्य आहे. त्यानंतरच्या नाण्यांवर कपाळाचे हाड पुढे येते, त्यावर आडव्या आठ्या पडतात, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत खोल सुरकुती उतरते आणि हनुवटी नाकाच्या रेषेशी स्पर्धा करू लागते.

हा बदल तपासायला नाण्यावरील लेख मदत करतो. सुरुवातीच्या नाण्यांवर ‘इम्प मॅक्सिमिनुस पिउस आउग’ असा लेख असतो. २३६ पासून ‘गेर्म’, म्हणजे जर्मनांवर विजय मिळवणारा, ही पदवी जोडली जाते आणि लेख ‘मॅक्सिमिनुस पिउस आउग गेर्म’ असा होतो. आपल्या नाण्यावर ‘गेर्म’ नसेल आणि चेहरा अलेक्झांडरच्या वळणाचा असेल, तर सगळे जुळते. ‘गेर्म’ असूनही चेहरा सुरुवातीच्या वळणाचा असेल, तर मात्र नाणे अधिक लक्षपूर्वक पाहावे. एखादा संथ बदलणारा कारागीर असू शकतो, तसाच एखादा नकलाकारही. या सम्राटाचे डिनारियस आजही भरपूर मिळतात आणि सुरुवातीचा चेहरा त्यांत मुबलक आहे, म्हणून ‘दुर्मिळ’ हा शब्द येथे गैरलागू आहे. माझा सल्ला असा की, असे एक नाणे आणि २३६ नंतरचे मोठ्या हनुवटीचे एक, अशी जोडी घ्यावी. दोन्ही मिळूनही विक्रेत्याने एकट्या नाण्यासाठी सांगितलेल्या किमतीच्या आसपासच खर्च येईल.

अशीच अडचण रोमच्या टांकसाळीला आधीही आली होती. इ.स. ९८ च्या जानेवारीत सम्राट नर्व्हा मरण पावला तेव्हा त्याचा वारस ट्राजन जर्मनीतील कलोनला होता आणि तो ९९ मध्येच रोमला परतला. त्याच्या पहिल्या नाण्यांवर नर्व्हाच्या चेहऱ्याची छाया स्पष्ट दिसते. सेप्टिमियस सेव्हेरसच्या पूर्वेकडील टांकसाळींतील डिनारियसांवर तर कधी कधी लेख वाचल्याशिवाय हा कोण हे कळतच नाही, कारण १९४ पर्यंत तो मुलूख त्याचा प्रतिस्पर्धी पेस्केनियस नायजर याच्या ताब्यात होता आणि तेथील कारागिरांना नवा सम्राट ऐकूनच ठाऊक होता. यांतील काही नाणी सीरियातील एमेसा शहराची की दुसऱ्या एखाद्या शहराची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्यामुळे विक्रेत्याने टांकसाळीचे नाव छातीठोकपणे सांगितले तर तेवढ्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. तरीही चेहऱ्यांच्या संग्राहकासाठी हे दालन फार श्रीमंत आहे, आणि त्या मानाने अजून स्वस्त.

आता ज्याचा वेगळेपणा अपघाताने नव्हे तर हुकमाने आला, अशा एका चेहऱ्याकडे वळतो. एलागाबालस (२१८ ते २२२) हा सीरियातील एमेसाच्या सूर्यदेवाचा वंशपरंपरागत पुजारी होता आणि सम्राट झाल्यावरही त्याने पौरोहित्य सोडले नाही. रोमला पोहोचण्याआधी त्याने पुजाऱ्याच्या वेषातील आपले भव्य चित्र पुढे पाठवले आणि ते सिनेटगृहात विजयदेवतेच्या मूर्तीच्या वर लावायला लावले, हेही हिरोडियननेच नोंदवले आहे. म्हणजे मॅक्सिमिनसच्या वेळी टांकसाळीला जी माहिती उशिरा मिळाली, ती या पोरवयातल्या सम्राटाने आधीच पोहोचवली होती. त्याच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धातील काही डिनारियसांवर कपाळाच्या वर, पानांच्या मुकुटाच्या पुढच्या टोकाशी, एक लहान शिंगासारखी वस्तू उभी असते. मागच्या बाजूला सीरियन वेषातील सम्राट वेदीवर आहुती देत असतो आणि लेखात त्याच्या पौरोहित्याचा उल्लेख असतो. ही वस्तू म्हणजे बैलाचे वाळवलेले शिश्न असावे, असे मत अलीकडे मांडले गेले आहे आणि त्याला बऱ्यापैकी मान्यताही मिळाली आहे. कारण काहीही असो, रोमन सम्राटाच्या कपाळावर शिंग हे दृश्य इतर कोणाच्या नाण्यांवर नाही.

हे नाणे घेताना भिंग हवेच. शिंग नाण्याच्या सर्वांत उंच भागापैकी नसले तरी काठाच्या बाजूला येते, आणि नाणे थोडे जरी एका बाजूला सरकून पडलेले असेल तरी ते काठाबाहेर जाते. उलट, मुकुटाचे पुढचे पान जरा उभे कोरले गेले असेल तर तेच शिंग म्हणून खपवले जाते. पान मुकुटाच्या रेषेतून फुटते आणि त्याला मधली शीर असते. शिंग मुकुटाच्या पुढे, जवळजवळ स्वतंत्र उगवते, बुडाशी जाड आणि टोकाला किंचित वाकलेले असते. एवढे पाहिले की शंका उरत नाही. सुदैवाने शिंगाची नाणीही फारशी महाग नाहीत. याच काळातील दाढी आलेला आणि न आलेला एलागाबालस अशी जोडी त्याच्याच नाण्यांत करता येते.

कॉमोडसचे इ.स. १९१-१९२ मधील, डोक्यावर सिंहाचे कातडे घेतलेले डिनारियस याच जातीचे. तो स्वतःला रोमचा हर्क्युलिस म्हणवून घेऊ लागला होता, आणि मागच्या बाजूला हर्क्युलिसची गदा असते. सिंहाच्या पंजांची गाठ सम्राटाच्या गळ्याशी बांधलेली असते; झिजलेल्या नाण्यावर आधी तीच जाते, म्हणून किंमत ठरवताना गाठ शाबूत आहे का ते पाहावे. या नाण्याला मागणी सतत असते आणि म्हणूनच त्याच्या बनावट प्रतीही पुष्कळ आहेत.

याउलट ओथोबद्दल एक सावधगिरी. इ.स. ६९ मध्ये त्याचे राज्य जेमतेम तीन महिने टिकले, आणि रोमच्या टांकसाळीने त्याच्या नावाने तांब्या-पितळेची नाणी पाडलीच नाहीत. पहिल्या बारा सीझरांचा (रोमच्या पहिल्या बारा सत्ताधीशांचा) संच पुरा करणारे सगळे लोक म्हणून त्याच्या डिनारियसामागे लागतात. तो केसांचा टोप घालत असे हे रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो आणि नाण्यावरील केसांच्या एकसारख्या रांगा पाहून ते पटतेही. पण येथे आपण चेहऱ्याचे नव्हे, अल्पायुषी राजवटीचे पैसे मोजत असतो, हे समजून मोजावेत.

मला विचाराल तर नवख्या माणसाने दुर्मिळ चेहऱ्यापेक्षा एकाच माणसाचा बदलता चेहरा जमवावा. मार्कस ऑरेलियस १३९ मध्ये सीझर, म्हणजे सम्राटाचा वारस, झाला तेव्हाच्या नाण्यांवर तो गुळगुळीत गालांचा आणि कुरळ्या केसांचा तरुण आहे. मग कानाजवळ कल्ले येतात, मग हनुवटीवर विरळ दाढी, आणि १६१ नंतर सम्राट झाल्यावर ती भरदार होते. कॅराकॅला सात-आठ वर्षांच्या गोंडस मुलापासून सुरू होतो आणि २१७ मध्ये मरताना कपाळाला आठ्या घातलेला, मान वळवून रागाने पाहणारा पुरुष झालेला असतो. त्याचा भाऊ गेटा याला त्याने २११ च्या अखेरीस मारवले आणि त्याची आठवण पुसण्याचा हुकूम काढला; आशिया मायनरमधील काही तांब्याच्या नाण्यांवरून गेटाचा चेहरा खरवडलेलाही आढळतो. चांदीची नाणी मात्र चलनात राहिली, आणि गेटाच्या शेवटच्या नाण्यांवरील दाढीवाला चेहरा वडिलांच्या, म्हणजे सेप्टिमियस सेव्हेरसच्या, इतका जवळ जातो की लेख वाचल्याशिवाय अनुभवी माणूसही थबकतो. या तिघांचीही नाणी मुबलक आहेत, लेखांवरून बहुतेकांचा काळ ठरवता येतो, आणि डोळा तयार व्हायला यापेक्षा चांगली शाळा नाही.

फसवणुकीकडे येतो. बाजारात ‘विचित्र चेहरा’ म्हणून येणाऱ्या नाण्यांचा मोठा भाग प्राचीन काळातच केलेल्या खोट्या नाण्यांचा असतो. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवून, घरगुती ठशांनी पाडलेली ही नाणी. त्यांचे ठसे टांकसाळीबाहेरच्या माणसाने कोरलेले असल्यामुळे नाक भलत्याच ठिकाणी, डोळा मोठा, लेखात अक्षरे गाळलेली किंवा उलटी, आणि अनेकदा एका सम्राटाची पुढची बाजू दुसऱ्याच्या मागच्या बाजूशी जोडलेली. काठावर, नाकाच्या टोकाशी किंवा केसांच्या उंच रेषांवर चांदी फाटून हिरवट तांबे डोकावते का, ते पाहावे. वजनही तपासावे. ऑगस्टसच्या काळातील डिनारियस पावणेचार ग्रॅमच्या आसपास असतो. नीरोने ६४ मध्ये वजन आणि कस दोन्ही उतरवले. सेप्टिमियस सेव्हेरसनंतर चांदी निम्म्याच्या आसपास आली आणि मॅक्सिमिनसच्या काळी वजन साधारण तीन ग्रॅम राहिले. म्हणून उशिराच्या हिणकस डिनारियसाच्या काठावर थोडी तांबूस झाक दिसली तर घाबरण्याचे कारण नाही, पण ऑगस्टस किंवा टायबेरियसच्या नाण्यावर तीच झाक दिसली तर नाणे परत करावे. प्राचीन खोटी नाणी जमवणे हा स्वतंत्र आणि सन्माननीय छंद आहे. फक्त ती खऱ्याच्या भावात घेऊ नयेत.

दुसरा वर्ग ठोक्याच्या दोषांचा. हातोड्याचा दुसरा ठोका जरा सरकून बसला की नाक दुहेरी होते, हनुवटी लांबते आणि सम्राटाला नवेच रूप येते. अशा वेळी चेहऱ्याजवळची अक्षरेही दुहेरी झालेली असतात, म्हणून आधी अक्षरे पाहावीत आणि मग चेहरा. ठसा झिजून भेगाळला असेल तर गालावर किंवा मानेवर उठलेली वेडीवाकडी रेघ दिसते. तिला कोणी ‘जखमेचा व्रण’ म्हणाले तर हसून सोडून द्यावे.

तिसरा वर्ग धोक्याचा: आधुनिक कोरीव दुरुस्ती. झिजलेल्या चेहऱ्यावर सुईसारख्या हत्याराने केस, दाढी, मुकुटाची पाने पुन्हा कोरतात. मूळ ठशातून आलेले केस पृष्ठभागावर उठून येतात आणि त्यांच्या कडा गोलसर असतात. मागाहून कोरलेल्या रेषा खाली खणलेल्या, धारदार आणि तळाशी चकाकणाऱ्या असतात. नाणे तिरप्या उजेडात फिरवून पाहावे. केस अगदी ताजे आणि लेखातील अक्षरे मात्र अर्धी पुसलेली, असा विरोधाभास दिसला की समजावे. अगदी नव्याने बनवलेल्या खोट्या नाण्यांसाठी सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे जुळी नाणी शोधणे. प्राचीन काळी एका ठशातून अनेक नाणी पडत, पण ठोक्याची जागा, काठाचा आकार आणि झीज दरवेळी वेगळी असे. दोन नाण्यांवर एकच खरचटा, एकच खळगा एकाच जागी दिसला तर दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून ओतलेली किंवा उतरवलेली आहेत. त्यासाठी लिलावांच्या जुन्या नोंदी चाळण्याची सवय लावावी. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’ हा विनामूल्य माहितीसंग्रह नाण्याचा प्रकार आणि चेहऱ्याची नोंद तपासायला पुरेसा आहे.

डावीकडे पाहणाऱ्या चेहऱ्यांबद्दल आपण स्वतंत्रपणे विचारले आहे. रोमन नाण्यांवर सम्राट बहुतेक उजवीकडे पाहतो, म्हणून डावा चेहरा सहसा कमी सापडतो आणि थोडा महाग असतो. पण हा नियम सगळीकडे लागू नाही. प्रोबसच्या (२७६ ते २८२) नाण्यांवर गरुडदंड (टोकाला गरुड असलेला राजदंड) हातात घेऊन डावीकडे पाहणारा सम्राट इतका सर्रास आहे की त्यासाठी एक पैसाही जादा देण्याचे कारण नाही. प्रोबसचे शिरस्त्राण, भाला आणि ढाल घेतलेले चेहरे मात्र खरोखर देखणे आहेत आणि चेहऱ्यांच्या वैविध्यात त्याच्या तोडीचा सम्राट सापडणे कठीण. फक्त एक लक्षात ठेवावे: ही चांदीची नाणी नव्हेत. तांब्यात पाच टक्क्यांच्या आतबाहेर चांदी आणि वर चांदीचा मुलामा, एवढेच त्यांत आहे. आपल्याला चांदीच हवी असेल आणि उशिराच्या काळातले काही हवे असेल तर चौथ्या शतकातील सम्राट ज्युलियनकडे वळावे. त्याच्या सिलिक्वा नावाच्या, सुमारे दोन ग्रॅमच्या चांदीच्या नाण्यांवर तो आधी गुळगुळीत गालांचा सीझर असतो आणि नंतर तत्त्वज्ञाची लांब, टोकदार दाढी राखलेला सम्राट. या दाढीची अँटिऑकच्या लोकांनी टर उडवली आणि त्याने त्यांना उत्तरादाखल एक अख्खा उपरोधिक ग्रंथ लिहिला. ब्रिटनमध्ये सापडलेल्या सिलिक्वांचे काठ पुष्कळदा कातरलेले असतात, पण कातरणाऱ्यांनी बहुधा चेहरा वाचवला आहे. त्यामुळे अशी नाणी स्वस्तात मिळतात आणि आपल्या विषयाचे फारसे नुकसानही होत नाही.

आपल्याला क्षत्रपांचा सराव आहे, त्याचा येथे उपयोग होईल. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांवर एकाच राजाच्या नावाखाली तरुण, वृद्ध, सरळ नाकाचे, बाकदार नाकाचे, भरल्या गालांचे असे कितीतरी चेहरे आहेत, आणि त्यांतल्या मोठ्या हिश्श्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला आहे. तेथेही प्रश्न तोच: माणूस बदलला, वय बदलले की कारागीर? आपण तो प्रश्न हाताळलेला असल्याने रोमन नाण्यांवर तो अधिक सोपा वाटेल, कारण येथे लेखांतील पदव्यांवरून अनेकदा नेमके वर्ष काढता येते.

एक व्यावहारिक सूचना देतो. भारतात सापडलेले रोमन डिनारियस प्रामुख्याने दक्षिणेतील आहेत आणि त्यांत ऑगस्टस व टायबेरियस यांचीच नाणी बहुसंख्य आहेत. नीरोने कस उतरवल्यानंतरची चांदीची नाणी इकडे फारच थोडी आली. तेव्हा मॅक्सिमिनस किंवा एलागाबालसचे नाणे ‘आपल्याकडच्या शेतात निघाले’ असे कोणी सांगितले तर त्या गोष्टीवर विश्वास ठेवू नये; आणि ते खरे असले तर अधिकच दूर राहावे, कारण जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. परदेशातून नाणे मागवताना विक्रेत्याकडून पूर्वीच्या लिलावाची किंवा जुन्या संग्रहाची नोंद, पावती आणि ज्या देशातून नाणे निघत आहे तेथील निर्यात परवाना आवश्यक असल्यास तो, ही कागदपत्रे मागावीत आणि नाण्यासोबत कायम जपावीत. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेष ठरते. ते एकदा भारतात आणले की पुन्हा परदेशातील लिलावात पाठवणे सोपे राहत नाही. त्यामुळे जे नाणे पुढे विकून चांगल्या प्रतीचे घ्यायचा विचार आहे, ते निदान सुरुवातीला तरी घेऊ नये. जे कायमचे जवळ ठेवायचे आहे तेच मागवावे.